कुत्र्याच्या गोचिडांमुळे गाईला गोचीड ताप होतो का?

सहसा नाही. कुत्र्याच्या अंगावरची तपकिरी गोचीड वेगळी, गाईला थायलेरिया (रक्तातल्या सूक्ष्म परजीवीमुळे होणारा गोचीड ताप) देणारी वेगळी. तुमची जर्सी संकरित आहे, १०५ ताप आहे आणि चारा सोडलाय म्हणता, तर आधी खांद्यापुढची गाठ चाचपा. लिंबाएवढी सुजलेली लागली तर थायलेरियाचा संशय घ्या. लघवी कॉफीसारखी लाल होत असेल तर बबेसिया (गोचिडीमुळेच होणारा दुसरा रक्तातला आजार) असू शकतो. दोन्हींची औषधं निराळी (थायलेरियाला बुपारव्हाक्वोन), म्हणून डॉक्टरांकडून कानाच्या शिरेतल्या रक्ताची काच (स्लाइड) तपासून घ्या. नुसतं तापाचं इंजेक्शन टोचून दोन दिवस वाट बघण्यात गाय हातची जाते. खिल्लार, डांगी या देशी गाई तग धरतात, संकरित गाय धरत नाही.

आणि गोठा! बरीचशी गोचिडं गाईवर नसतातच, भिंतीच्या फटीत असतात. फुगलेली एक मादी दोन-तीन हजार अंडी घालते, त्यामुळे उपटून तिथेच टाकू नका, रॉकेलच्या डब्यात टाका. फटी बुजवा, चुना मारा.

कुत्र्याला मात्र गाईचं आयव्हरमेक्टिन (गोचीड-जंतांवरचं औषध) अंदाजाने टोचू नका. कोली जातीची कुत्री त्याने दगावू शकतात.