दर वाचण्याआधी छेद बघ

इंग्लंडमधल्या गावाच्या आरोग्य अधिकाऱ्याचा जुना वार्षिक अहवाल हातात आला की तू थेट मृत्युदराकडे धावतोस. थांब. दर हजारी म्हणजे कुठले हजार, ते आधी बघ. १९२१ ची इंग्लंडची जनगणना लांबणीवर पडून १९ जूनला झाली, तेव्हा ब्लॅकपूलसारख्या समुद्रकाठच्या गावांत सुट्टीला आलेली माणसंही मोजली गेली. छेद, म्हणजे मृत्यूंना ज्या लोकसंख्येने भागतो ती, फुगला की दर आपोआप उतरतो. त्यात कुणाची तब्येत सुधारलेली नसते.

लंडनच्या पूर्वेच्या डॅगनम गावाचंच घे. १९२१ ला जेमतेम ९ हजार वस्ती, १९३१ ला ८९ हजार! लंडन काउंटी कौन्सिलने तिथल्या बेकंट्री वसाहतीत घरं बांधली आणि ईस्ट एंडमधली, म्हणजे लंडनच्या दाटीच्या पूर्व भागातली, तरुण कुटुंबं तिकडे गेली. तरुण वस्तीत मरणं कमीच. वयोगट न बघता तिची तुलना ईस्ट एंडमधल्या जुन्या बेथनल ग्रीनशी करू नकोस, हे मी कळकळीने सांगतोय.

बालमृत्युदर, म्हणजे वर्षाच्या आत दगावलेल्या बाळांचा दर, मात्र हजार जिवंत जन्मांमागे काढतात. वर्षाला ५०० जन्म होणाऱ्या गावात ५ बाळं जास्त दगावली तर दर १० ने चढतो. म्हणून पाच वर्षांची सरासरी काढ. आणि त्या ५ बाळांना विसरू नकोस. कारणांच्या तक्त्यात त्यांना शोध: जुलाब, न्यूमोनिया, अपुऱ्या दिवसांचा जन्म.