कॉन्झर्व्हेटिव्ह आणि लिबर्टेरियन यांच्यात सामाजिक प्रश्नांवर नेमका फरक काय?

तुम्ही विचारलंय की अमेरिकेत दोघंही कर कमी करा, सरकार आटोपशीर ठेवा म्हणतात, मग समलिंगी विवाह, गांजा असे विषय निघाले की त्यांचं का पटत नाही? आणि आपण स्वतः कोणत्या बाजूचे, हे ओळखायचं कसं?

माझ्या मते खरी फाटाफूट एकाच मुद्द्यावर होते. एखादी गोष्ट वाईट आहे असं मान्य केल्यावर ती थांबवायला पोलीस पाठवायचे का? लिबर्टेरियन माणूस देवभक्त, दारूला न शिवणारा असू शकतो. पण सज्ञान माणूस दुसऱ्याच्या अंगाला किंवा मालमत्तेला धक्का न लावता जे काही करतो, त्यात कायद्याने पडू नये असं त्याचं म्हणणं असतं. परंपरावाद्याला, म्हणजे कॉन्झर्व्हेटिव्हला, एवढं पुरत नाही. कुटुंब, चर्च, शेजार या गोष्टी पिढ्यानपिढ्या घडत येतात आणि एकदा मोडल्या की सरकारी हुकमाने परत उभ्या राहत नाहीत, म्हणून त्या जपायला कायदा वापरला तर त्यात त्याला काही गैर वाटत नाही. तुम्हाला मनापासून न पटणारी एखादी गोष्ट डोळ्यासमोर आणा आणि त्यासाठी कोणाला तुरुंगात टाकायची तुमची तयारी आहे का बघा. तुमची बाजू तिथेच कळेल.

शीतयुद्धात कम्युनिझमच्या विरोधाने या दोघांना एकत्र बांधून ठेवलं होतं. व्हिएतनाम युद्धाच्या काळात सक्तीच्या लष्करभरतीवरून त्यांचं फाटलं. १९६९ मध्ये सेंट लुइसला ‘यंग अमेरिकन्स फॉर फ्रीडम’ या कॉन्झर्व्हेटिव्ह तरुणांच्या संघटनेच्या अधिवेशनात भरतीचं कार्ड जाळलं गेलं आणि संघटना दुभंगली. दोन वर्षांनी लिबर्टेरियन पक्ष निघाला. आपल्याकडे राजाजींचं (चक्रवर्ती राजगोपालाचारी) उदाहरण आहे. लायसन्स-परमिट राजविरुद्ध १९५९ मध्ये स्वतंत्र पक्ष काढणाऱ्या राजाजींनीच १९३७ मध्ये, मद्रास प्रांताचे प्रमुख असताना, सेलम जिल्ह्यात दारूबंदी आणली होती. बाजार मोकळा हवा आणि दारूचा गुत्ता बंद हवा, या दोन्ही गोष्टी ते तितक्याच कळकळीने मांडत.

फरक सर्वांत स्वच्छ दिसतो तो लग्नाच्या प्रश्नात. २०१५ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने समलिंगी विवाहाला देशभर मान्यता दिली. त्या खटल्यात केटो इन्स्टिट्यूट या लिबर्टेरियन संस्थेने विवाहाच्या बाजूने निवेदन दिलं होतं. कोलोरॅडोतल्या एका बेकरीवाल्याने २०१२ मध्ये समलिंगी जोडप्यासाठी लग्नाचा केक करायला नकार दिला होता; तो खटला पुढे सर्वोच्च न्यायालयात गेला, तेव्हा हीच संस्था बेकरीवाल्याच्या बाजूने उभी राहिली. मला यात विसंगती दिसत नाही. सरकारने लग्नाचा परवाना देताना माणसामाणसांत भेद करू नये आणि नागरिकाच्या मनाविरुद्ध त्याच्याकडून काम करून घेऊ नये, ही दोन्ही बंधनं सरकारवरच आहेत. परंपरावादी पहिल्या खटल्यात विरोधात होते, दुसऱ्यात बेकरीवाल्याबरोबर, पण तिथे त्यांचा आधार होता धर्मश्रद्धेचा. (२०१८ मध्ये बेकरीवाला ७ विरुद्ध २ मतांनी जिंकला, तोही मर्यादित मुद्द्यावर: राज्याच्या आयोगाने त्याच्या धर्माविषयी आकस दाखवला होता.) सरकारने लग्नाच्या व्यवहारातून पूर्णच बाहेर पडावं, असं म्हणणारे लिबर्टेरियनही बरेच आहेत.

गर्भपाताला मात्र ही फूटपट्टी लागू होत नाही. गर्भाला स्वतंत्र व्यक्ती मानलं की ‘दुसऱ्याला धक्का न लावता’ या अटीचा अर्थच बदलतो. रॉन पॉल १९८८ मध्ये लिबर्टेरियन पक्षाचे अध्यक्षपदाचे उमेदवार होते. पेशाने प्रसूतितज्ज्ञ, आणि गर्भपाताचे कट्टर विरोधक. सरकारने या विषयात पडू नये असं कलम पक्षाच्या जाहीरनाम्यात अनेक वर्षं होतं, ते २०२२ मध्ये काढून टाकलं गेलं.

अमली पदार्थांच्या बाबतीत माझा कल लिबर्टेरियन बाजूला आहे. स्वतःच्या शरीरात काय घातलं यासाठी माणसाला तुरुंगात डांबणं मला अन्याय्य वाटतं. पण ओरेगन राज्यात काय झालं तेही सांगायला हवं. २०२० मध्ये तिथल्या मतदारांनी स्वतःच्या वापरापुरते थोडे अमली पदार्थ जवळ बाळगणं गुन्ह्यातून वगळलं. शिक्षा काय, तर १०० डॉलर दंड, आणि आरोग्य तपासणी करून घेतली तर तोही माफ. उपचारांची सोय उभी राहायच्या आधीच फेंटानिल हा अतिशय तीव्र अमली पदार्थ पसरला, पोर्टलंडच्या फुटपाथांवर उघड्यावर नशा सुरू झाली, आणि २०२४ मध्ये विधिमंडळाने अमली पदार्थ जवळ बाळगणं पुन्हा गुन्हा ठरवलं. लिबर्टेरियन म्हणतात, दोष फेंटानिलचा आणि अपुऱ्या तयारीचा. त्यात तथ्य आहे. तरी व्यसनाचं नुकसान एका शरीरापुरतं राहत नाही, ते व्यसनी माणसाच्या मुलांनाही भोगावं लागतं, या परंपरावाद्यांच्या म्हणण्याला माझ्या बाजूच्या लोकांनी अजून पुरेसं उत्तर दिलेलं नाही.