तांब्यातली खिडकी

नौपाडा, ठाणे

प्रिय बाळ,
अ. उ. आ.

परवा घरी आलास, भिंतीवरच्या पितळी तांब्याच्या चित्रापुढे उभा राहिलास, "एकदम फोटोसारखं आहे, सर" म्हणालास आणि चहाकडे वळलास. मी गप्प बसलो. पण ते वाक्य काही डोक्यातून जाईना, म्हणून हे पत्र.

पुढच्या वेळी नाक कागदाला लागेल इतका जवळ जा. तांब्याच्या पोटावर नखाएवढी चमक आहे ना, तिथे रंगच नाही. कोरा कागद आहे तो. जुन्या वळणाचे जलरंगवाले पांढरा रंग घेत नाहीत. उजेड हवा तिथे कागद राखतात. म्हणजे पहिला ब्रश टेकवायच्या आधीच ती जागा ठरलेली. एकदा रंग गेला की ओल्या ब्रशने उचलून थोडा निघतो, पण कागद पुन्हा तेवढा कोरा होत नाही.

त्या चमकेत दोन उभ्या बारीक रेषा दिसतील. ते गज आहेत. हे चित्र काढणाऱ्या माझ्या मित्राच्या चाळीतल्या खोलीची खिडकी आहे ती, तांब्याच्या फुगीर पोटात वाकडी झालेली.

आणि चित्रातला सगळ्यात गडद रंग तिला अगदी खेटून आहे. नुसता पिवळा फासला असता तर हळदीचा डबा झाला असता; पितळ दिसतं ते या शेजारामुळे. तो गडद रंग काळ्या ट्यूबमधला नाही, तांबूस-तपकिरी बर्न्ट सिएना आणि निळ्या अल्ट्रामरीनचं मिश्रण. खालच्या सावलीत निळे दाणे दिसतात, ते अल्ट्रामरीनचे कण कागदाच्या खळग्यांत बसलेले.

डावीकडे फुलकोबीसारखा डाग आहे. आपल्याकडे जुलैत थर वाळता वाळत नाही. पठ्ठ्याने घाई केली आणि अर्धवट ओल्या रंगात पाणी गेलं. त्याने डाग राहू दिला, बरं केलं. टेबलाची कड मात्र मला आजही पटत नाही, फार घासलीय.

तू तलावपाळीला बसून देऊळ, झाडं, नावा काढतोस, काढ. पण घरातला एखादा तांब्या खिडकीशी ठेवून सकाळी आठला आणि दुपारी बाराला नुसता बघ. ब्रश घेऊ नकोस.

रविवारी ये. फ्रेमच्या काचेत ट्यूबलाइट चमकते, म्हणून काच काढून ठेवतो. चहा नंतर.

तुझा,
सर