समोरचा कप उचलताना हात इतका सफाईदार कसा जातो? याचं गणित मांडता येतं का?

येतं, आणि ते फार अवघडही नाही. तामार फ्लॅश आणि नेव्हिल होगन यांनी १९८५ मध्ये मांडलं की हाताला बसणारे हिसके, म्हणजे त्वरण बदलण्याचा दर, एकूणात कमीत कमी राहतील अशी हालचाल होते. हे सोडवलं की काळाची पाचव्या घाताची बहुपदी मिळते: मार्ग सरळ, वेगाचा आलेख घंटेसारखा, ऐन मध्यावर वेग सरासरीच्या १.८७५ पट. प्रत्यक्ष मोजमापं बरीचशी जुळतात.

पण खांदा-कोपराला किती जोर पडतो, हे यात येतच नाही! म्हणून १९८९ मध्ये ऊनो, कावातो, सुझुकी यांनी सांध्यांवरच्या टॉर्कमधला, म्हणजे सांधा फिरवणाऱ्या जोरातला, बदल कमीत कमी धरला. मला मात्र हॅरिस-वोल्पर्ट यांचं १९९८ चं स्पष्टीकरण जास्त पटतं: स्नायूंना जाणारा संदेश जितका जोरकस, तितकी त्यात गडबड जास्त. नेम चुकू नये म्हणून हात झटके टाळतो.