वाचक विचारतात : छप्पर कापलेली फियाट पुन्हा रस्त्यावर आणता येईल का?

प्रश्न : आजोबांनी घेतलेली १९५६ सालची फियाट ११००, म्हणजे जुन्या लोकांची ‘डुक्कर फियाट’, आमच्या मळ्यातल्या शेडमध्ये उभी आहे. नव्वदच्या दशकात चुलत्यांनी परदेशी मासिकांतील हॉट रॉड (जुन्या मोटारी कापून-छाटून, मोठे इंजिन बसवून केलेल्या वेगवान गाड्या) पाहून तिचे छप्पर कापून चार बोटे खाली घेतले, पुढची मडगार्डे काढली आणि कॉन्टेसाचे १८१७ सीसीचे इसुझू इंजिन बसवले. मूळ इंजिन जाम झालेले असले, तरी जपून ठेवले आहे. नोंदणी पुस्तक आजोबांच्या नावावर असून त्याचे नूतनीकरण कित्येक वर्षांत झालेले नाही. आजोबा आता हयात नाहीत. ही गाडी आहे त्या रूपात नूतनीकरणासाठी परिवहन कार्यालयाच्या तपासणीला नेता येईल का? तिला विंटेज नोंदणी मिळेल का?
— एक वाचक, तासगाव (जि. सांगली)

उत्तर : आहे त्या रूपात ही गाडी रस्त्यावर आणता येणार नाही आणि तिला विंटेज नोंदणीही मिळणार नाही, कारण ती पन्नास वर्षांवरील, पण मूळ रूपातील वाहनांनाच मिळते. मात्र आपल्याकडे नोंदणी पुस्तक आणि मूळ इंजिन या दोन्ही गोष्टी आहेत. जुन्या गाड्यांच्या मालकांजवळ सहसा यांपैकी एकही शिल्लक नसते, म्हणून आपण ही गाडी सोडून देऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार, उत्पादकाने ठरवलेल्या मूळ तपशिलाशी नोंदणी पुस्तकातील तपशील जुळेनासा होईल असा बदल मालकाला वाहनात करता येत नाही, आणि वाहनाच्या मूळ वैशिष्ट्यात फरक पाडणारा रचनेतील बदल म्हणजे ‘फेरफार’, अशी व्याख्याही त्याच कलमाखाली दिलेली आहे. ९ जानेवारी २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने केरळमधील एका प्रकरणात हाच अर्थ कायम केला. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२-अ प्रमाणे विनापरवानगी फेरफारासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कारावास, किंवा प्रत्येक फेरफारामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. आपल्या गाडीत इंजिन, छप्पर आणि मडगार्डे असे तीन बदल उघड दिसतात.

चुलत्यांनी ज्या गाड्यांची चित्रे पाहिली असतील, त्यांची घडण वेगळी होती, हे येथे सांगणे आवश्यक आहे. अमेरिकेत हॉट रॉडसाठी सर्वांत मानाची समजली गेलेली १९३२ सालची फोर्ड शिडीसारख्या स्वतंत्र चेसिसवर उभी होती. तिचे छप्पर उतरवले किंवा मडगार्डे काढली, तरी भार पेलणारा सांगाडा खाली शाबूत राहत असे. आपल्या फियाटला असा स्वतंत्र सांगाडा नाही. तिचा पत्रा हाच तिचा सांगाडा असल्याने छपराचे खांब कापून पुन्हा जोडले की गाडीची ताकदच त्या सांध्यांवर येऊन पडते. त्यातच मूळ इंजिनाची शक्ती चाळीस अश्वशक्तीच्या आसपास, आणि आता बसवलेल्या इंजिनाची तिच्या दुपटीहून अधिक. ब्रेक मात्र चारही चाकांना जुने ड्रमचेच. ऑस्ट्रेलियात १९४९ पूर्वीच्या घडणीच्या अशा गाड्यांना ‘स्ट्रीट रॉड’ म्हणून रस्त्यावर परवानगी मिळते, पण त्यासाठी अभियंत्याकडून ब्रेक, सुकाणू आणि सांधे तपासून घ्यावे लागतात. आपल्याकडे तशी व्यवस्था नाही. ती असावी असे मला मनापासून वाटते. परंतु ती येईपर्यंत आपला मार्ग गाडीला मूळ रूपात परत नेण्याचाच आहे.

गॅरेजवर एक रुपयाही खर्च करण्याआधी कागद हाती घ्या. जुने तीन अक्षरी क्रमांक हस्तलिखित नोंदवह्यांत असल्याने त्यांपैकी अनेक अद्याप संगणकावर चढलेले नाहीत. म्हणून पुस्तकावर ज्या परिवहन कार्यालयाचा शिक्का आहे, तेथे अर्ज करून नोंदवहीचा उतारा घ्यावा आणि संगणकीय प्रणालीत ‘बॅकलॉग’ नोंद करून घ्यावी. ही नोंद झाल्याशिवाय पुढचा कोणताही ऑनलाइन अर्ज स्वीकारला जात नाही. त्यानंतर वारसाच्या नावावर हस्तांतरणासाठी नमुना ३१ भरावा लागतो. त्याला मृत्यूचा दाखला, वारस असल्याचा पुरावा आणि इतर वारसांची संमती जोडावी. घरात एकवाक्यता असतानाच हे करून घेतलेले बरे. मूळ नोंदणी महाराष्ट्रातील दुसऱ्या जिल्ह्यातील असली, तरी सांगलीचा, म्हणजे एमएच-१० चा, नवा क्रमांक घ्यावा लागत नाही. पत्ता बदलून जुना क्रमांक राखता येतो, आणि तो आपण अवश्य राखावा.

आता चेसिस क्रमांकाविषयी, म्हणजे गाडीच्या पत्र्यावर कोरलेल्या तिच्या ओळख क्रमांकाविषयी. निरीक्षक सर्वप्रथम हाच पाहतात. बॉनेट उघडून क्रमांक कोरलेला पत्रा रॉकेलच्या फडक्याने हळुवार पुसावा, त्यावर पातळ कागद धरून शिसपेन्सिल आडवी फिरवावी, म्हणजे अक्षरे कागदावर उमटतात. हीच पेन्सिल छाप अर्जासोबत लागते. येथे घासकाम करणारे ग्राइंडर चुकूनही लावू नये आणि त्या पत्र्यावर पुट्टी किंवा रंगाचा जाड थर देऊ नये. छपरासाठी भंगारातील दुसऱ्या फियाटचे खांब आणि पत्रा घेता येईल, परंतु त्या गाडीचा क्रमांक असलेला भाग आपल्या गाडीला जोडणे, किंवा पुसट झालेला आपला क्रमांक एखाद्या कारागिराकडून परस्पर ठोकून घेणे, हे चोरीच्या गाडीचे लक्षण मानले जाते. अक्षरे वाचता येत नसतील, तर आधी कार्यालयाला लेखी कळवून त्यांच्या परवानगीनेच पुढे जावे.

इंजिन जाम आहे म्हणून निराश होण्याचे कारण नाही. हे १०८९ सीसीचे इंजिन आहे, आणि याच घराण्यातील इंजिन प्रीमियर पद्मिनीत पुढे अनेक वर्षे चालत राहिल्याने त्याची जाण असलेले मिस्त्री आजही भेटतात. सिलिंडर बोअर करणे, क्रँक घासून घेणे ही कामे मिरज-कुपवाड परिसरात किंवा कोल्हापूरच्या उद्यमनगरात होऊ शकतील. इंजिनावरील क्रमांक पुस्तकातील क्रमांकाशी आधी ताडून पाहावा. ते इंजिन खरोखरच निकामी निघाले, तर पर्यायी इंजिन बसवण्यापूर्वी कार्यालयाची मंजुरी घ्यावी, आणि बदल झाल्यावर १४ दिवसांच्या आत पुस्तकात नोंद करून घ्यावी. मंजुरी आधी आणि काम नंतर, हा क्रम कोणत्याही कारणाने बदलू नये.

तपासणीत नियमांची मोजमापे नेमकी आहेत. सुकाणूचक्राचा मोकळा फेर ३० अंशांपेक्षा जास्त नसावा. साठ-सत्तर वर्षांच्या गाडीत सुकाणूपेटी झिजलेली असते, तेव्हा याकडे प्रथम लक्ष द्यावे. टायरच्या खाचांची खोली किमान १.६ मिलिमीटर हवी. पुढची काच सुरक्षा काचच हवी. छप्पर खाली घेताना बसवलेली साधी कापीव काच काढून टाकावी. काचांतून पुढे-मागे ७० टक्के आणि बाजूंनी ५० टक्के प्रकाश आरपार गेला पाहिजे. धुराच्या चाचणीबाबत मात्र जुन्या गाड्यांना सवलत आहे : या वयाच्या पेट्रोल मोटारीला कार्बन मोनॉक्साइड ३ टक्के आणि हायड्रोकार्बन १,५०० पीपीएमपर्यंत (दहा लाख भागांत १,५०० भाग) चालते, आणि कार्ब्युरेटर नीट लावला असेल, तर निरोगी इंजिन या मर्यादेत बसते. विमा, निदान त्रयस्थ पक्षाचा, आधी काढावा. गाडी तपासणीला चालवत न नेता वाहून न्यावी, कारण नोंदणीची मुदत संपलेली गाडी रस्त्यावर चालवणे हा स्वतंत्र गुन्हा आहे.

नूतनीकरण नमुना २५ वर होते आणि ते पाच वर्षांसाठी असते. ऑगस्ट २०२५ पासून वीस वर्षांहून जुन्या मोटारीसाठी त्याचे शुल्क १०,००० रुपये आहे. शिवाय विलंब शुल्क आणि पर्यावरण कर भरावा लागेल. पंधरा वर्षांनंतर गाडी भंगारातच काढावी लागते, असा समज आपल्या भागात पसरलेला आहे, परंतु वयावरून येणारी ती बंदी दिल्ली परिसरापुरती आहे. सांगली-साताऱ्यात तपासणीत उत्तीर्ण होणारी गाडी चालवता येते.

प्रश्न : माझ्याकडे मूळ स्थितीतील १९६४ ची लँब्रेटा आहे आणि तिची नोंदणी चालू आहे. विंटेज क्रमांक घ्यावा का? मी तिच्यावरून आठवड्यातून दोन-तीनदा पाचगणीला जातो.
— एक वाचक, वाई (जि. सातारा)

उत्तर : घेऊ नये. जुलै २०२१ च्या नियमांप्रमाणे पन्नास वर्षांवरील आणि मूळ रूपातील दुचाकी-चारचाकींना ‘व्हीए’ अक्षरांचा क्रमांक मिळतो, त्याची मुदत दहा वर्षे असते आणि नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये आहे. परंतु असे वाहन केवळ प्रदर्शन, रॅली, तांत्रिक संशोधन, इंधन भरणे आणि दुरुस्ती अशा कारणांसाठीच रस्त्यावर आणता येते. नेहमीच्या वापराला मनाई आहे. आपले पाचगणीला जाणे त्यात बसणार नाही. चालू नोंदणीची मुदत संपण्याआधी साठ दिवसांच्या आत नूतनीकरणाचा अर्ज करावा, आणि पसरणी घाट वरचेवर उतरत असल्याने तपासणीची वाट न पाहता दोन्ही चाकांचे ब्रेक लायनर आताच बदलून घ्यावेत.