पॅनियर घेण्याआधी रॅककडे बघा

दुचाकी प्रवास : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : हिमालयन ४५० मोटारसायकल आहे. सप्टेंबरमध्ये पत्नीसह स्पितीला जायचंय. ४५ लिटरचे दोन ॲल्युमिनियम पॅनियर (मागच्या चाकाच्या दोन्ही बाजूंना लागणाऱ्या पेट्या) आणि ५५ लिटरचा टॉपबॉक्स (सीटमागे वर बसणारी पेटी) बघून ठेवलाय. मित्र म्हणतो प्लॅस्टिकचे घे. आमची वजनं ७८ आणि ६२ किलो. (घोडबंदर रोड, ठाणे)

लिटर नंतर मोजू, आधी किलो. तुमच्या गाडीचं वजन १९६ किलो आणि भारासकट कमाल वजन ३९४ किलो. म्हणजे हातात १९८ किलो. तुम्ही दोघं १४० किलो. हेल्मेट, जॅकेट, बूट, गार्ड यांचे प्रत्येकी ८ धरले की १५६. रॅक, म्हणजे पॅनियर ज्यावर अडकवतात तो सांगाडा, ६ किलो, रिकामे पॅनियर ५-५ किलो. उरले २६. टॉपबॉक्स आणि त्याची प्लेट लावली की त्यातलेही ५-६ गेले. थोडक्यात, १४५ लिटर जागा आणि जेमतेम २० किलोची मुभा. रिकामी जागा दिसली की ती भरली जातेच, हे घरातल्या माळ्याने आपल्याला शिकवलेलं आहे.

म्हणून टॉपबॉक्स रद्द करा. डावीकडे ३५ लिटर, उजवीकडे ३० लिटरच्या आसपास एवढे पॅनियर पुरतात. उजवीकडचा लहान, कारण सायलेन्सर त्या बाजूला आहे. दोन्ही सारखेच घेतले तर उजवा बाहेर ढकलावा लागतो आणि गाडी एका अंगाला रुंद होते. सायलेन्सर आणि पॅनियर यांच्यात किमान ४० मिमी फट हवी. प्लॅस्टिकचा घेतलात तर मध्ये पत्र्याची उष्णतारोधक ढालही लावा.

प्लॅस्टिक की ॲल्युमिनियम? डांबरी रस्त्यावर प्लॅस्टिक सरस: हलकं, पाणी न शिरणारं, किरकोळ धक्क्याने पोचा न पडणारं. पण गाडी आडवी झाली तर त्याची बिजागरी किंवा रॅकला अडकणारा खाचा तुटतो आणि तो जागेवर जोडता येत नाही. ॲल्युमिनियम वाकतं, दगडाने ठोकून झाकण पुन्हा बसवता येतं. ग्रामफू ते बातल या दगडधोंड्यांच्या पट्ट्यासाठी आम्ही ॲल्युमिनियमच घेऊ. एक धोका मात्र दोन्हींत सारखा. चिखलात किंवा वाळूत तोल सावरायला पाय खाली टेकला की गाडी पुढे सरकते आणि पॅनियरची पुढची कड पोटरीवर येते. नडगी आणि घोटा मोडतो तो असा. अवघड जागी दोन्ही पाय फूटरेस्टवर ठेवा. हे जमणार नसेल तर कापडी सॅडलबॅग घ्या. वजनही ७-८ किलोंनी वाचेल.

प्रश्न : रबाळे एमआयडीसीतला फॅब्रिकेटर लोखंडी रॅक आणि पत्र्याचे पॅनियर बनवून द्यायला तयार आहे. त्याला नेमकं काय सांगू? (घणसोली)

पॅनियरचं आधी. बाहेरून ४५ × ३८ × २२ सेंमीचं खोकं म्हणजे साधारण ३७ लिटर. त्याला पाऊण चौरस मीटरच्या थोडा आत पत्रा लागतो. १८ गेजचा (१.२ मिमी) लोखंडी पत्रा वापरला तर एका खोक्याचा नुसता पत्राच साडेसहा किलोंच्या पुढे. दीड मिमी ॲल्युमिनियममध्ये तेच पावणेतीन-तीन किलो. त्यामुळे लोखंडी पॅनियर नकोच. ॲल्युमिनियममध्ये ५०५२ ग्रेड मागा. ६०६१-टी६ नावाला दणकट, पण कमी त्रिज्येत वाकवला की कडेला तडे जातात. भांड्यांचा मऊ पत्रा पहिल्याच पडण्यात चेपतो. कोपरे आर्गन वेल्डिंगने जोडून घ्या. नुसते रिव्हेट आणि सीलंट पावसाळ्यात दगा देतात.

आता रॅक. भाव करताना याकडे कुणी बघत नाही आणि मोडतो मात्र हाच. पाइप १८ किंवा १९ मिमी बाहेरचा व्यास, जाडी २ मिमी. कोणता व्यास हे पॅनियर रॅकला अडकवणाऱ्या लॉकवर ठरतं: लॉक १८ मिमीचं आणि पाइप १६चा असेल तर पॅनियर दिवसभर खडखडतो, आणि ती खडखडच पुढे वेल्ड फोडते. प्रत्येक बाजूला तीन आधार हवेत: वर ग्रॅब रेलच्या बोल्टवर, खाली मागच्या फूटरेस्टच्या ब्रॅकेटवर आणि तिसरा शेपटीकडे. याशिवाय नंबरप्लेटच्या मागून डाव्या-उजव्या रॅकला जोडणारा आडवा पाइप. हा पाइप फॅब्रिकेटर हमखास वगळतो. तो नसला की प्रत्येक रॅक स्वतंत्रपणे आत-बाहेर हलतो, खड्ड्यागणिक आधाराच्या पट्टीच्या मुळाशी ताण येतो आणि वेल्डच्या अगदी कडेला केसाएवढी चीर पडते. चीर दिसली तर नुसता वेल्डचा थर चढवून उपयोग नाही. ती पुन्हा त्याच्या शेजारी फुटेल. घासून साफ करा, भरा आणि वर तिकोनी पट्टी जोडा.

सबफ्रेमला (सीटखालच्या मागच्या सांगाड्याला) मात्र वेल्ड करू देऊ नका, काहीही झालं तरी. गाडीवर कुठेही वेल्डिंग करायचं झालं तर आधी बॅटरीच्या तारा काढायच्या. नाहीतर ईसीयू (इंजिन चालवणारा इलेक्ट्रॉनिक मेंदू) जाण्याची भीती.

बोल्ट एम८, ८.८ ग्रेड, नायलॉक (हादऱ्याने सैल न होणाऱ्या) नटसह, २०-२५ न्यूटन-मीटरवर. मापाला पत्रा नव्हे, आधी पुठ्ठ्याचं खोकं बनवून लावून बघा. मागे डबलसीटवाल्याला बसवा, त्याची पोटरी टेकते का पाहा, किक किंवा स्टँड अडतो का पाहा, मागचे इंडिकेटर आणि नंबरप्लेट दिसते का पाहा. पावडर कोटिंग सगळ्यात शेवटी, गाडीवर एकदा पूर्ण बसवून उतरवल्यानंतरच. त्यानंतर पहिल्या १०० किमीला सगळे बोल्ट आवळायचे, पुढे दर ५०० किमीला.

प्रश्न : ठाणे ते ऐरोली रोजच्या ऑफिसला पॅनियर लावून ठेवले तर चालतील ना? (कळवा)

काढून ठेवा. हँडल साधारण ८५ सेंमी, पॅनियरसह मागची रुंदी ९५ ते १०० सेंमी. हँडल गेलं की गाडी गेली, हा अंदाज कळव्याच्या नाक्यावर चुकतो.

प्रश्न : नवे ॲल्युमिनियम पॅनियर. कपडे काळे होतात, पाऊस झाला की तळाला पाणी असतं आणि बोल्टभोवती पांढरी पूड जमते. माल खराब आहे का? (वाशी)

तिन्हींची कारणं वेगळी. काळपटपणा म्हणजे सामान घासून निघालेली ॲल्युमिनियमची भुकटी. आतून ५ मिमी ईव्हीए फोम चिकटवा किंवा आतली पिशवी वापरा. स्टीलचा डबा नुसता पत्र्याला लावून ठेवू नका.

पाणी बहुतेक वेळा झाकणातून नव्हे, लॉकच्या बोल्टांच्या छिद्रांतून आणि खालच्या सांध्यातून येतं. शोधायची युक्ती उलटी: पॅनियर रिकामा करा, आत चार बोटं पाणी भरा, कोरड्या लादीवर जुनं वर्तमानपत्र अंथरून त्यावर ठेवा. भिजेल तिथे छिद्र. पॉलियुरेथेन सीलंट आणि बोल्टखाली रबरी वॉशर. व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन वापरू नका, ते धातूच खातं.

पांढरी पूड ही स्टेनलेस बोल्ट आणि ॲल्युमिनियम यांच्यातली गंज; खाडीच्या खाऱ्या हवेत लवकर होते. बोल्ट काढा, पूड ब्रशने साफ करा, अँटी-सीझ ग्रीस आणि नायलॉन वॉशर लावून परत बसवा.

प्रश्न : पनवेलपुढे गोव्याच्या रस्त्यावर ८५-९० ला गाडीची शेपटी डुलायला लागते. पॅनियर नसताना नाही. (खारघर)

पॅनियरचं मागचं टोक धरून हलवा. खेळ (सैलपणा) जाणवला तर आधी तोच काढा. मग सामान: एका पॅनियरमध्ये १० किलोच्या आत, डाव्या-उजव्यात २ किलोपेक्षा जास्त फरक नको, हत्यारं आणि ट्यूब तळाला, पुढच्या भिंतीला टेकवून. टॉपबॉक्समध्ये फक्त रेनकोट, कारण तो मागच्या ॲक्सलच्याही मागे असतो आणि तिथला प्रत्येक किलो पुढचं चाक हलकं करतो. टायर थंड असताना हवा स्टिकरवरच्या डबलसीटच्या आकड्यावर आणा. शेवटी मागच्या शॉकॲब्सॉर्बरचं प्रीलोड (स्प्रिंगवरचा आधीचा दाब) वाढवा: सगळा भार आणि माणसं बसल्यावर मागची बाजू एकूण ट्रॅव्हलच्या (चाक वर-खाली हलू शकतं त्या अंतराच्या) साधारण एक तृतीयांशापेक्षा जास्त दबता कामा नये. १८० मिमी ट्रॅव्हल असेल तर ६० मिमी.

तोवर डुलणं सुरू झालंच तर ब्रेक करकचून दाबू नका आणि हँडल घट्ट आवळू नका. गुडघ्यांनी टाकी धरा, थ्रॉटल हळूहळू सोडा.