पुटकुळ्या जातील, खड्डे राहू नयेत म्हणून

प्रश्न : डॉक्टर, माझा मुलगा साडेतेरा वर्षांचा आहे, आठवीत शिकतो. दसऱ्याच्या सुमारास कपाळावर बारीक पुरळ आलं. आता दोन्ही गालांवर लाल, टपोऱ्या पुटकुळ्या आहेत. कुशीवर झोपलं तरी ठणकतात म्हणतो. पिकलेल्या पुटकुळ्या अंघोळीनंतर मीच दाबून काढते, पू गेला की बसतात म्हणून. शेजारणीच्या सांगण्यावरून मेडिकलमधून एक ट्यूब आणली. आठ दिवसांत चेहरा एकदम स्वच्छ, उजळ झाला. ट्यूब संपली आणि पंधरा दिवसांत दुप्पट आल्या. पुन्हा आणली, पुन्हा तेच. आता तिसरी चालू आहे. सासूबाई म्हणतात, शेंगाचटणी आणि तेलकट बंद कर. त्याचे बाबा म्हणतात, "मलाही होत्या, आपोआप गेल्या. पोराच्या जातीला तोंडाचं काय एवढं?" त्यांच्या गालांवर अजून खड्डे आहेत. यंदा गड्ड्याच्या जत्रेला जायला मित्र बोलवायला आले, तर हा पोट दुखतंय म्हणून पांघरुणात शिरला. मी घरी शाळेचे युनिफॉर्म शिवते, फार खर्च झेपणार नाही. डाग कायमचे राहतील का?
– एक आई, अशोक चौक परिसर, सोलापूर

उत्तर : ताई, आधी तुमच्या हातांबद्दल बोलते. मनाला लावून घेऊ नका, पण पुटकुळ्या दाबणं आज रात्रीपासून बंद करा.

आपल्या चेहऱ्यावर प्रत्येक बारीक केसाच्या मुळाशी तेल सोडणारी ग्रंथी असते. वयात येताना हार्मोन वाढतात, तेल जास्त सुटतं, छिद्राच्या तोंडाशी मेलेल्या पेशींचं बूच बसतं. एरवी त्वचेवर गुपचूप राहणारे जंतू आत वाढतात आणि सूज येते. पुटकुळी म्हणजे कातडीत लटकलेली इवलीशी पिशवीच समजा. दोन अंगठ्यांनी दाबली की थोडा पू वर येतो आणि आपल्याला बरं वाटतं. पण तेवढाच जोर खालीही जातो. पिशवी आतल्या अंगाला फुटते, सगळी घाण कातडीच्या खोल थरात पसरते, तिथे आणखी दाह होतो आणि त्वचेला खालून उचलून धरणारं कोलॅजेन नष्ट होतं. जखम भरते, पण भराव कमी पडतो. तो खड्डा.

मी आठवीत असताना संक्रांतीच्या आदल्या दिवशी माझ्या एका मावशीनं शिवणाची सुई मेणबत्तीवर तापवली आणि मला खिडकीत बसवून माझ्या गालावरच्या पुटकुळ्या फोडल्या. उद्या चार बायका घरी येणार, पोरीचा चेहरा स्वच्छ दिसावा, एवढाच तिचा हेतू होता. कानाच्या पाळीपासून दोन बोटांवर माझ्या डाव्या गालावर तीन खड्डे आजही आहेत. ओपीडीत मुलं ते पाहतात म्हणून मी ते कधी झाकत नाही. मावशीच्या मायेत काही कमी नव्हतं. तुमच्याही नाही. म्हणूनच सुरुवात इथून केली.

एखादी फारच ठणकत असेल तर बर्फाचा खडा रुमालात गुंडाळून पाच मिनिटं टेकवा. मुलाची नखं बारीक कापा. अभ्यास करताना हात आपोआप गालाकडे जातो. त्यावर ओरडू नका, हातात काहीतरी द्या.

आता त्याच्या बाबांविषयी. पुटकुळ्या आपोआप गेल्या, हे ते खरंच सांगतात. बहुतेकांच्या विशी-पंचविशीपर्यंत जातातच. पण जाताना काय ठेवून गेल्या, ते त्यांच्या गालावर दिसतंय. आईवडिलांपैकी कुणाला जोराचे मुरूम आले असतील तर मुलालाही तसेच येण्याची शक्यता वाढते. त्यात तुमच्या मुलाला साडेतेराव्या वर्षीच खोल, दुखणाऱ्या गाठी आहेत. अशा मुलात वाट पाहायची नसते. सूज जितके महिने राहते तितकी खड्ड्यांची भीती वाढते. माझ्याकडे मुली लवकर येतात, कारण त्यांच्या चेहऱ्याची घरात चर्चा होते. मुलांना आणतात तेव्हा बहुतेक वेळा नववी-दहावी उलटलेली असते आणि निम्मं नुकसान होऊन गेलेलं असतं. खोल गाठींचे मुरूम मुलग्यांत जास्त आढळतात, तरीही. "पोराच्या जातीला तोंडाचं काय" हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय की आता ऐकल्यावर गप्प बसवत नाही.

ट्यूबचं नाव तुम्ही लिहिलं नाहीत, पण आठ दिवसांत उजळ आणि बंद केल्यावर दुप्पट, यावरून ती बहुधा स्टेरॉइडची आहे. मागच्या बारीक अक्षरांत बीटामेथासोन, क्लोबेटासोल किंवा मोमेटासोन यांपैकी काही लिहिलंय का, ते बघा. स्टेरॉइड सूज आणि लाली झटकन दाबतं, म्हणून चेहरा स्वच्छ झाल्यासारखा वाटतो. चेहऱ्यावर आठवड्यांमागून आठवडे लावलं की कातडी पातळ होते, लाल शिरा दिसू लागतात, उन्हात गेल्यावर आग होते, लव वाढते आणि त्या औषधाचेच वेगळे मुरूम येतात. २०१८ पासून अशी मलमं डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत असा नियम आहे, तरी काउंटरवर सर्रास मिळतात. चौथी ट्यूब आणू नका. तिसरी सोडल्यावर पुन्हा भडका उडेल, म्हणून तो डॉक्टरांच्या नजरेखाली उडू द्या. याच आठवड्यात दाखवा आणि रिकामी असली तरी ट्यूब सोबत न्या. ती फेकून दिलीत तर डॉक्टरांना अंदाजावर चालावं लागेल.

आपल्याकडे डॉ. वैशंपायन स्मृती शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाला जोडलेलं सिव्हिल आहे, तिथे त्वचारोगाची ओपीडी चालते. शिवणाचा एक दिवस मोडेल, पण दुकानातल्या तीन ट्यूबांवर गेलेल्या पैशांत बरंच काही झालं असतं.

डॉक्टर काय देतील ते सांगते, म्हणजे हातात चिठ्ठी आल्यावर घाबरायला होणार नाही. मात्र हे वाचून स्वतः आणून लावू नका. स्टेरॉइडमुळे त्याची कातडी आत्ता नाजूक आहे, काय कधी सुरू करायचं ते तपासूनच ठरेल.

मुरमांवर सर्वांत जास्त वापरली जाणारी दोन मलमं आहेत. एक बेंझॉइल पेरॉक्साइड. ते जंतू मारतं. २.५ टक्क्यांचं पुरतं. जास्त टक्क्यांनी गुण तेवढाच येतो, कातडी मात्र जास्त सोलवटते. हे कापडाचा रंग उडवतं. गेल्या वर्षी एक आई माझ्याकडे घडी घातलेला टॉवेल घेऊन आल्या. आपल्या सोलापूरचाच, गडद हिरवा, नवाकोरा. मधोमध पांढरट पिवळा डाग, आणि नीट पाहिलं तर तो हुबेहूब गालाच्या आकाराचा, हनुवटीकडे निमुळता होत गेलेला. "मॅडम, टॉवेलचं हे होतंय तर पोराच्या कातडीचं काय होत असेल?" असं म्हणत त्यांनी तो माझ्या टेबलावर पसरला. औषध त्यांनी आठ दिवसांपूर्वीच बंद केलं होतं. त्यांची भीती मला पटली, कारण मीच आधी सांगायला चुकले होते. हे औषध कापडाचा रंग खातं, कातडीचा नाही. तेव्हापासून प्रत्येकाला सांगते : एक पांढरा टॉवेल आणि एक पांढरा अभ्रा त्याच्यासाठी वेगळा काढा, चादर अंगावर घेताना गालाला लागू देऊ नका, आणि युनिफॉर्मची कॉलर सांभाळा. ते तर तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं कळेल.

दुसरं अडापॅलीन, ०.१ टक्के, रात्री लावायचं. ते छिद्रांची बुचं बसू देत नाही. लोक इथे दोन चुका करतात. पहिली म्हणजे फक्त पुटकुळीवर ठिपका लावतात. जी पुटकुळी महिन्याभरानं येणार आहे तिचं बूच आज साध्या दिसणाऱ्या कातडीत तयार होतंय, त्यामुळे मलम पूर्ण कपाळाला आणि पूर्ण गालांना लावायचं. सगळ्या चेहऱ्याला मिळून वाटाण्याएवढं पुरतं. चेहरा धुऊन पूर्ण कोरडा झाल्यावर, डोळ्यांच्या कडा आणि ओठ सोडून, सुरुवातीला एक रात्र आड. कोरडं पडलं तर साधं मॉइश्चरायझर लावा. दुसरी चूक म्हणजे दोन-तीन आठवड्यांत सोडून देतात, कारण सुरुवातीला मुरूम जरा वाढल्यासारखे वाटतात. स्टेरॉइडच्या ट्यूबनं आठ दिवसांची सवय लावलेली असते, त्यामुळे तर धीर अजिबात उरत नाही. या औषधांचा खरा निकाल १२ आठवड्यांनी बघायचा असतो.

गाठी खोल असल्यामुळे पोटात घ्यायची गोळीही देतील, बहुधा डॉक्सीसायक्लीन. ती जेवणानंतर, पेलाभर पाण्याबरोबर घ्यायची आणि घेतल्यावर लगेच आडवं व्हायचं नाही, नाहीतर अन्ननलिकेत जळजळते. तिच्यामुळे ऊनही जास्त लागतं. तीन-चार महिन्यांपेक्षा जास्त ती सहसा देत नाहीत. एवढ्यानंही गाठी थांबल्या नाहीत तर आयसोट्रेटिनॉइनचा विचार होतो. औषध प्रभावी आहे, रक्ततपासणी करत देतात, आणि ते चालू असताना मुलाच्या मन:स्थितीकडेही लक्ष ठेवायचं असतं. ती गोळी घरातल्या दुसऱ्या कुणीही घ्यायची नाही. गरोदर बाईनं घेतली तर बाळात गंभीर व्यंग येऊ शकतं.

सासूबाईंना सांगा, शेंगाचटणी निर्दोष आहे. तेलकट खाण्यानं मुरूम येतात याला पुरेसा आधार नाही. भाकरीबरोबर खुशाल खाऊ द्या. साखर आणि मैदा, म्हणजे कोल्ड्रिंक, बिस्किटं, बेकरीचे पदार्थ, यांचा थोडा संबंध दिसतो, तेवढं कमी करा. तेल पोटातल्यापेक्षा डोक्यावरचं बघा. कपाळावर पुरळ सुरू झालं असं तुम्ही लिहिलंय, त्याला चापून लावलेलं खोबरेल कारण असू शकतं. कपाळावर ओघळेल इतकं लावू नका. लावलंत तर रात्रभर ठेवू नका.

लिंबू, टूथपेस्ट, खायचा सोडा काहीही लावायचं नाही. साबणानं घासायचं नाही. मुरूम अस्वच्छतेनं येत नाहीत, छिद्रातला काळा ठिपकाही मळ नसतो. आपल्याकडे पाणी काही दिवसांआड येतं, त्यात "दिवसातून दहादा तोंड धू" असं म्हणून पोराला आणि पिंपाला दोघांनाही दमवू नका. सकाळी, रात्री आणि खेळून घामाघूम आल्यावर सौम्य फेसवॉश, बस्स.

आता तुमचा शेवटचा प्रश्न. सगळे डाग सारखे नसतात. त्याला दिवसा खिडकीशी असं उभं करा की उजेड एका बाजूनं गालावर पडेल. ट्यूबलाइटखाली बघू नका, समोरच्या उजेडात खड्डे लपतात. जिथे फक्त रंग काळपट किंवा लालसर आहे, पण बोट फिरवल्यावर सपाट लागतं आणि सावली पडत नाही, तो डाग आहे. तो महिन्यांत, कधी वर्षभरात, फिका होत जातो. आपल्या सावळ्या कातडीत हे डाग जास्त दिसतात आणि उन्हानं जास्त टिकतात. मे महिन्यात आपला पारा ४३-४४ वर जातो, म्हणून शाळेला जाताना जेलसारखं, ३० एसपीएफचं सनस्क्रीन आणि टोपी. जिथे बाजूच्या उजेडात बारीक सावली पडते, तो खड्डा. तो आपोआप भरत नाही. सुईनं खालचे ताण सोडवणं, मायक्रोनीडलिंग म्हणजे बारीक सुयांनी टोचणं, लेझर असे उपाय आहेत आणि खड्डे बऱ्यापैकी उथळ होतात, पण ते मुरूम पूर्ण थांबल्यावर करायचे. आत्ता कुणी तेराव्या वर्षी लेझरचं पॅकेज विकायला आलं तर सरळ नाही म्हणा.

गड्डा चुकवून पांघरुणात शिरलेला मुलगा मला सारखा आठवतोय. होम मैदानावरचे पाळणे सोडून कुठलं पोर असं घरी राहील? तो एकटा असताना, काम करता करता, सहज विचारा की शाळेत कुणी काही नाव ठेवलंय का. ठेवलं असेल तर वर्गशिक्षकांच्या कानावर त्याच्या नकळत घाला. पाहुण्यांना आधीच सांगून ठेवा की त्याच्या तोंडावर काय आलंय ते त्याला विचारायचं नाही. शाळेला दांड्या, जेवण तुटणं, झोप उडणं असं दिसलं तर डॉक्टरांना मुरमांइतक्याच स्पष्टपणे सांगा. जगण्याचा कंटाळा आल्यासारखं बोलला तर थांबू नका, टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या नंबरवर कधीही बोलता येतं, मराठीतही.

औषध सुरू होईल त्या दिवशी त्याच खिडकीत, त्याच वेळी त्याचा एक फोटो काढा, मग दर महिन्याच्या त्याच तारखेला. रोज आरशात पाहणाऱ्याला फरक कळत नाही.

आणि ताई, सिव्हिलला जाताना त्याच्या बाबांनाही घेऊन जा. डॉक्टर घरात कुणाला होत्या का असं विचारतील, तेव्हा उत्तर त्यांनाच देऊ दे.